घरी बांधावयाचे जिग : साहित्याची निवड

पावसाळा ओसरून खाड्यांचे गढूळ पाणी निवळू लागले की कोकणातील खारजमिनींच्या बांधांवर आणि उघाड्यांच्या तोंडाशी गरी टाकून बसलेले लोक दिसू लागतात. भाताची कापणी आटोपलेली असते, हाताला थोडी उसंत असते आणि भरतीबरोबर जिताडा, तांबोशी यांसारखे शिकारी मासे बांधाच्या अगदी जवळ येतात. या माशांसाठी जिवंत कोलंबी हे सर्वांत खात्रीचे आमिष होय. परंतु ती दररोज मिळत नाही, मिळाली तरी टिकत नाही, आणि तळाशी गेली की खेकडे ती फुकट खाऊन जातात. म्हणून अलीकडे अनेक ठिकाणी जिवंत आमिषाऐवजी जिग वापरला जातो. जिग म्हणजे डोक्याशी धातूचे वजन असलेला आणि मागे केसांचा किंवा पिसांचा झुपका बांधलेला गळ. तो पाण्यात सोडून हलके झटके देत ओढला की वरखाली नाचतो आणि शिकारी माशाला तो पळणाऱ्या कोलंबीसारखा किंवा लहान माशासारखा भासतो.

बाजारात जिग तयार मिळतात, पण कांदळवनाच्या मुळांत आणि दगडांत ते वरचेवर अडकून तुटतात. दिवसातून तीन-चार गमावले तर पकडलेल्या माशापेक्षा गमावलेल्या मालाची किंमत अधिक भरते. घरी बांधलेला जिग यावर चांगला उपाय आहे; कारण त्याला लागणारे बहुतेक साहित्य शेतकऱ्याच्या अंगणात, गोठ्यात किंवा शिवणाच्या डब्यात असतेच. मात्र यातील एक जिन्नस, म्हणजे डोक्याचे वजन, निवडताना पुष्कळ लोक पुरेसा विचार करीत नाहीत. जुनी बॅटरी फोडून तिच्यातील शिसे घरच्या चुलीवर वितळविण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो कसा घातक आहे हे पुढे सविस्तर दिले आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या लेखातील दुसरे काही सांगितले नाही तरी चालेल, पण तेवढा भाग घरोघर अवश्य सांगावा.

मासा आधी, साहित्य मागून

साहित्य गोळा करण्यापूर्वी कोणता मासा धरावयाचा आहे हे ठरविले पाहिजे. जिग हा हालत्या भक्ष्यावर झडप घालणाऱ्या माशांसाठी आहे. खाडीत जिताडा, तांबोशी व हेकरू, आणि गोड्या पाण्यात मरळ हे त्याला चांगले लागतात. चिलापी मासाही अगदी लहान जिग घेतो. याउलट बोय हा चिखलावरील शेवाळ व कुजके अंश खाणारा मासा आहे. कटला पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, तर रोहू व मृगळ वनस्पतींचे आणि तळाचे कुजके अंश खातात. शेततळ्यात केवळ हे कार्प जातीचे मासे सोडलेले असतील तर तेथे जिग टाकण्यात वेळ दवडू नये. पण त्याच तळ्यात पुराच्या पाण्याबरोबर मरळ शिरून बोटुकली फस्त करीत असेल, तर सगळे पाणी न उपसता त्याला बाहेर काढण्याचा हा एक सोपा मार्ग आहे. अलिबाग, पेण या भागांत घराजवळच्या तळ्यांतून जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. तेथेही पाहुण्यांसाठी एखादा मासा काढावयाचा असता तळे ढवळून टाकण्यापेक्षा जिग बरा.

धरणांचे व पाझर तलावांचे जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी.

मासा ठरला की गळाचा आकार आणि वजन आपोआप ठरत जाते. चिलापीसाठी १ ते २ ग्रॅम वजन पुरते. तळ्यातील मरळ किंवा जिताडा यांच्यासाठी ५ ते ७ ग्रॅम, आणि भरती-ओहोटीच्या ओढीत १० ते २० ग्रॅम वजन लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मासा जिगावर झडप घालतो ती बहुतेक वेळा जिग खाली उतरत असताना घालतो. दगडासारखा धाडकन तळाला जाणारा जिग माशाला पाहावयास वेळच देत नाही. यास्तव ज्या वजनाने जिग तळापर्यंत कसाबसा पोहोचतो तेवढेच वजन योग्य समजावे.

गळ

जिगाच्या बाबतीत काटकसर करावयाची नाही अशी एकच जागा आहे आणि ती म्हणजे गळ. जिगासाठी जो खास गळ मिळतो त्याची दांडी नाकाजवळ काटकोनात किंवा थोड्या कमी कोनात वाकविलेली असते. त्यामुळे दोरी वजनाच्या वरच्या बाजूने येते, वजन खाली राहते आणि गळाचे टोक आकाशाकडे होते. टोक वर असले की गळ तळाच्या दगडांत, शेवाळात व मुळांत कमी अडकतो. साधा सरळ गळ घेऊन तो पकडीने वाकविण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु चांगला गळ पाणी दिलेल्या पोलादाचा असतो. तो थंड स्थितीत वाकविला तर मोडतो आणि तापवून वाकविला तर त्याचे पाणी उतरते. असा गळ मोठा मासा लागताच सरळ होतो. खास गळ मिळत नसेल तर सरळ गळ तसाच वापरावा. त्याचे टोक वर कसे ठेवावयाचे ते पुढे वजनाच्या भागात सांगितले आहे.

गळाच्या क्रमांकांत नवशिक्यांचा गोंधळ होतो. साध्या क्रमांकांत आकडा वाढेल तसा गळ लहान होत जातो. म्हणजे १० क्रमांकाचा गळ ४ क्रमांकाच्या गळापेक्षा लहान असतो. ज्या क्रमांकापुढे तिरकी रेघ व शून्य असते त्यांत मात्र आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. चिलापीसाठी ८ किंवा १०, मरळीसाठी १/० ते ३/० आणि जिताड्यासाठी २/० ते ४/० हे क्रमांक साधारणपणे योग्य ठरतात. खाऱ्या पाण्यासाठी कथलाचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला गळ घ्यावा. तपकिरी रंगाचा गळ गोड्या पाण्यापुरता आहे. खाडीत तो काही दिवसांतच गंजतो, आणि गंज झुपक्याच्या आत, डोळ्यांना दिसत नाही अशा जागी, प्रथम लागतो.

वजन

पूर्वापार जिगाचे डोके शिशाचे करीत आले आहेत. शिसे स्वस्त आहे, पाण्याच्या ११.३ पट जड आहे, आणि ३२७ अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळत असल्याने घरच्या चुलीवरही ओतता येते. याच सोयीत त्याचा धोका आहे. शिसे शरीरात गेले की ते हाडांत साठून राहते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्यामुळे खुंटते. गरोदर स्त्रीच्या रक्तातून ते पोटातील बाळापर्यंत पोहोचते. मुलांच्या रक्तात अमुक इतके शिसे असले तर चालते अशी कोणतीही निर्धोक मर्यादा आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. वितळलेल्या शिशावर जी करडी-पिवळी मळी जमते ती काढताना तिची धूळ भुईवर, भांड्यांवर आणि कपड्यांवर बसते. ही धूळ झाडूनही पूर्णपणे जात नाही, आणि रांगणारे मूल तीच बोटे तोंडात घालते.

बॅटरीतील शिसे तर आणखी वाईट. त्यात आम्ल असते आणि प्लेटांवरील लगदा वाळला की त्याची धूळ वाऱ्यावर उडते. आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकार शहराला लागून असलेल्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिसे गोळा करण्याचा धंदा चालत असे. लोकांनी शिसेमिश्रित माती घरी नेऊन चाळली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ बालके दगावली. हे शिसे वितळविणारे लोक कारखानदार नव्हते. मच्छीमारांच्या वस्तीतील गरीब कुटुंबे होती. जुनी बॅटरी फोडू नये; ती नवी घेताना दुकानदाराकडे परत द्यावी, म्हणजे तिची किंमतही वळती होते.

हा धोका माणसांपुरताच नाही. कोंबड्या व बदके दाणा दळण्यासाठी खडे गिळतात. अंगणात सांडलेले शिशाचे थेंब त्यांना खड्यांसारखेच दिसतात. ते पेषणीत झिजत राहतात आणि पक्ष्याच्या रक्तात व अंड्यांतही शिसे उतरते. ब्रिटनमध्ये नदीकाठी गळकऱ्यांनी टाकलेल्या शिशाच्या बारीक गोळ्या गिळून राजहंस मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा त्या देशाने १९८७ साली सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी घातली.

तेव्हा शिशाऐवजी काय वापरावे? गावात सहज मिळणारी उत्तम वस्तू म्हणजे लोखंडी किंवा पितळी नट. ६ मिलिमीटर बोल्टाचा लोखंडी नट सुमारे अडीच ग्रॅम, ८ मिलिमीटरचा सुमारे ५ ग्रॅम आणि १० मिलिमीटरचा १० ते ११ ग्रॅम भरतो. म्हणजे वर दिलेली जवळजवळ सगळी वजने कोणत्याही पंपदुरुस्तीच्या दुकानात, काहीही न वितळविता, मिळतात. दोरी नटातून ओवावी आणि पुढे गळाला बांधावी. नट सैल राहतो व गळाच्या नाकाशी येऊन टेकतो. नटाच्या आतील आट्यांवर दोरी घासू नये म्हणून त्यात बॉलपेनच्या रिकाम्या नळीचा तुकडा बसवावा. लोखंड गंजते, पण त्याचा गंज कोणाला मारत नाही.

दुसरा उपाय सरळ गळासाठी आहे. गळाच्या दांडीच्या पाठीवर, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूस, नाकाजवळ दोन पितळी मणी आडवे बांधावेत. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशा मण्यांच्या साखळीतील दोन मणी न तोडता कापून घेतले तरी चालतात. हे वजन पाण्यात आपोआप खाली जाते, गळ उलटतो आणि त्याचे टोक वर राहते. शिवाय ते मणी माशाच्या डोळ्यांसारखे दिसतात. हा जिग हलका होत असल्याने तळ्यात व संथ पाण्यात अधिक उपयोगी पडतो.

ज्यांना साच्यात ओतूनच डोके करावयाचे आहे त्यांनी कथील वापरावे. ते २३२ अंशांवर वितळते, म्हणून कामही सोपे होते. मात्र कथील पाण्याच्या ७.३ पटच जड आहे. ज्या साच्यात १० ग्रॅम शिसे मावते त्यात कथील ओतल्यास डोके सुमारे साडेसहा ग्रॅमचे होईल. १० ग्रॅमचेच डोके हवे असेल तर साचा दीडपट मोठा घ्यावा लागतो. मोठे डोके पाण्याचा अधिक विरोध घेते व जिग सावकाश उतरतो. उथळ पाण्यात हा दोष नसून गुण आहे. बिस्मथ हा धातू शिशाच्या अधिक जवळचा, पाण्याच्या ९.८ पट जड असून २७१ अंशांवर वितळतो, परंतु तो ठिसूळ असतो आणि तालुक्याच्या गावी क्वचितच मिळतो.

कथील शिशापेक्षा कितीतरी महाग असल्याने त्यात शिशाची भेसळ करतात. कल्हईवाल्याकडून कथील घेताना ही काळजी विशेषच घ्यावी. कथलाची कांडी वाकविली तर शुद्ध कथील बारीक करकर आवाज करते. कांडी कोऱ्या कागदावर घासून पाहावी. शिशाची पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते, शुद्ध कथलाची तशी उमटत नाही. रेडिओ-दुरुस्तीत वापरतात ती जुन्या पद्धतीची डाखतार कथील व शिसे यांच्या मिश्रणाची असते, ती या कामी घेऊ नये. आणि ज्या कथलात शिसे आहे असे आढळेल त्याची कल्हईही भांड्यांना लावून घेऊ नये, हे ओघाने आलेच.

कोणताही धातू ओतताना काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि मुलांना दूर ठेवून करावे. त्यासाठी निराळे भांडे ठेवावे. ते पुन्हा स्वयंपाकात येता कामा नये. साचा संपूर्ण कोरडा हवा. पाण्याचा एक थेंब जरी तप्त धातूखाली सापडला तरी त्याची क्षणात वाफ होते. वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि धातू उसळून तोंडावर येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वरून वाळला तरी आत ओल धरून असतो. तो काही दिवस उन्हात ठेवून मग वापरावा. पायांत चपला नव्हे तर बूट, आणि डोळ्यांना चष्मा असावा.

ज्यांच्याजवळ शिशाची तयार वजने आधीपासून आहेत त्यांनी ती वितळवू नयेत, चिरलेल्या गोळ्या दातांनी दाबू नयेत, आणि त्या हाताळल्यावर हात साबणाने धुतल्यावाचून तंबाखू मळू नये. दातांनी गोळी दाबण्याची खोड खाडीकाठी इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती सांगूनही लवकर सुटत नाही.

केस व पिसे

झुपका हा जिगाचा जीव आहे. तो ओढताना मिटला पाहिजे आणि ओढ थांबताच फुलला पाहिजे. या मिटण्या-फुलण्यानेच निर्जीव वस्तू जिवंत भासते. कोणते केस किंवा पिसे घ्यावयाची हे पाण्याच्या ओढीवरून ठरवावे. संथ पाण्यात मऊ साहित्य लागते, कारण तेथे त्याला हलविणारे दुसरे काही नसते. ओढीच्या पाण्यात मऊ साहित्य दांडीला चिकटून बसते. तेथे ताठ केस हवेत.

शेळीचे केस हे सर्वांत उपयुक्त साहित्य होय. पाठीवरचे व दाढीचे केस लांब व बऱ्यापैकी ताठ असतात, तर पोटाकडचे मऊ असतात; म्हणजे एकाच जनावरापासून दोन्ही प्रकार मिळतात. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते आणि काळा झुपका गढूळ पाण्यात व संध्याकाळच्या वेळी फार चांगला दिसतो. रंगवावयाचे असतील तर पांढरे केस शोधावेत. गाईम्हशींच्या शेपटीचा गोंडाही चालतो. तो खरखरीत असून खाडीच्या ओहोटीत आकार सोडत नाही. परंतु जनावराच्या गोंड्याचा अर्धा भाग कापून नेला तर त्याला माशा वारता येत नाहीत, म्हणून थोडे थोडेच केस घ्यावेत.

पिसांत कोंबड्याच्या मानेवरची व पाठीच्या मागील भागावरची लांब पिसे उत्तम. ती अरुंद, चकचकीत व लवचिक असतात, आणि दोन पिसे पाठीला पाठ लावून बांधली तर माशाच्या शेपटीप्रमाणे वळवळतात. यासाठी पूर्ण वाढलेला गावरान कोंबडा पाहिजे. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांतच विकला जात असल्याने त्याच्या मानेवर अशी पिसे तयारच झालेली नसतात. मात्र त्याच्या बुडाशी असलेला पांढरा मऊ पिसारा रंग चांगला घेतो आणि चिलापीच्या लहान जिगाला पुरेसा होतो. कोंबडीची पिसे मऊ व रुंद असतात. ती दांडीभोवती गुंडाळली की जिगाला कोलंबीच्या पायांसारखी झालर येते.

पिसे निरोगी, कापलेल्या पक्ष्याचीच घ्यावीत. आपोआप मेलेल्या कोंबडीचे पीस कितीही सुंदर असले तरी त्याला हात लावू नये. भारतात कोंबड्यांतील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. एकाच वेळी अनेक पक्षी मरू लागले तर पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. पिसे कोमट पाण्यात साबण घालून धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराच्या गोळीसह ठेवावीत, नाहीतर कसर लागते. पाणी उकळू नये. उकळल्याने पिसांचे तेल जाते आणि ती ठिसूळ होतात.

रानातील पशुपक्ष्यांच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपकेदार पिसे एकेकाळी हिंदुस्थानातून विलायतेस गळ बांधण्यासाठी जात; आज तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. मुंगसाचे, चितळाचे व सांबराचे केसही याच कारणाने वर्ज्य होत. मोराचे आपोआप गळून पडलेले पीस जवळ बाळगता येते, ते उपटलेले किंवा मारलेल्या मोराचे असता कामा नये. पण खरे पाहता जिगासाठी त्याची गरजच नाही. त्याचे तंतू फार नाजूक असतात आणि जिताड्याच्या खरखरीत जबड्यात एकदा सापडले की संपले.

प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे चमकतात व फुकट मिळतात म्हणून पुष्कळ लोक वापरतात. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने झुपका वर उचलून धरतात, हा त्यांचा गुण. परंतु उन्हात राहिलेल्या पोत्याचे धागे कुजतात, त्यांचा भुगा होतो आणि तो पाण्यात जातो. न वापरलेल्या पोत्याचे चार-सहा धागे केसांच्या जोडीला घेण्यास हरकत नाही. संपूर्ण झुपका त्यांचा करू नये. चकाकीसाठी जुन्या साडीची जर अधिक चांगली. प्लास्टिकवर मुलामा दिलेली नवी जर खाऱ्या पाण्यात टिकते. रुप्याची जुनी जर काळी पडते आणि तांब्याची हिरवी. कोणती साडी जुनी झाली आहे हे मात्र घरातील स्त्रियांनी ठरवावयाचे आहे.

झुपका किती जाड असावा? नवशिका नेहमीच जास्त केस बांधतो. चिमटीत आवळून धरल्यावर जुडगा आगपेटीच्या काडीएवढा भरला तर मध्यम जिगाला तेवढा पुरे. लांबी गळाच्या दांडीच्या दीडपट ते दुप्पट ठेवावी. त्याहून लांब ठेवल्यास मासा नुसती शेपटी ओढतो आणि गळाला लागत नाही.

धागा, मेण व रंग

शिवणकामाचा सुती धागा पाण्यात फुगतो व पुढे कुजतो. नायलॉनचा बारीक धागा मजबूत असतो, पण तो ओला झाला की किंचित सैलावतो. पॉलिएस्टरचा शिवणधागा पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून तो सर्वांत बरा. त्यावर मधमाशीचे मेण चोळून घ्यावे. मेणामुळे वेढे घसरत नाहीत. प्रथम मोकळ्या दांडीवर वेढ्याला वेढा लावून एक थर द्यावा, त्यावर केस ठेवून आवळून बांधावेत. नुसत्या गुळगुळीत पोलादावर बांधलेले केस पहिल्याच माशाबरोबर दांडीभोवती फिरू लागतात. अखेरच्या गाठीवर दोन भागांचा इपॉक्सी गोंद किंवा नखांना लावावयाचे रंगहीन पॉलिश लावावे. इपॉक्सी अधिक टिकतो. पॉलिश दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लावावे लागते.

केस व पिसे लोकरीच्याच जातीची असल्याने लोकर रंगविण्याचे रंग त्यांच्यावर बसतात. रंगाच्या गरम पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की रंग पक्का होतो. हळदीचा पिवळा रंग सुंदर चढतो, पण उन्हाने उडतो, आणि साबण लागला की तांबूस होतो. कुंकू करताना चुन्याने हळदीचे जे होते तेच येथे होते. निवळ पाण्यात पांढरा व तपकिरी, गढूळ पाण्यात काळा किंवा भडक पिवळा, एवढे तीन-चार रंग पुष्कळ झाले. तांबडा रंग खोल पाण्यात प्रथम नाहीसा होतो व काळसर दिसू लागतो, म्हणून त्यावर फार खर्च करू नये. दुकानातील रंगीबेरंगी जिग पुष्कळदा माशापेक्षा गिऱ्हाइकालाच अधिक लवकर धरतात.

जिताड्याच्या गालफडाला धार असते आणि ती बारीक दोरी सहज कापते. जिग आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये जाड तंगुसाचा हातभर तुकडा जोडला तर घरी बांधलेला जिग माशाबरोबर निघून जात नाही. लहान मासा परत सोडावयाचा असेल तर गळाची उलटी अणी पकडीने चेपून टाकावी. जिताडा हा मासा प्रथम नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणून खाडीतील अगदी लहान व अगदी मोठा असे दोन्ही मासे जितके पाण्यात राहतील तितके पुढील वर्षी अधिक मिळतील.

बांधून झालेला जिग थेट खाडीवर नेऊ नये. पाण्याने भरलेल्या पिंपात तो दोरीला बांधून सोडावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात : गळाचे टोक वर राहते की नाही, ओढ थांबताच झुपका फुलतो की नाही, आणि तळाला जाईपर्यंत किती वेळ लागतो. टोक खाली जात असेल तर मणी नाकाकडे सरकवून बांधावेत. झुपका फुलत नसेल तर कात्रीने टोके न कापता, मधूनच काही केस मुळाशी काढून विरळ करावेत. टोके कापली की केसांची निमुळती शेवटे जातात आणि झुपका केरसुणीसारखा दिसू लागतो. परत आल्यावर जिग गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून मगच डब्यात ठेवावेत.